पोळी कमी करायची, पण तिच्या जागी ताटात काय?

पत्र, थोडक्यात:

"मी ४४ वर्षांची, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. वजन ७२ किलो. गेल्या महिन्यात एचबीएवनसी ६.२ आली. बाकी बीपी, किडनी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले गोळी नको, कार्ब्ज कमी करा, म्हणजे पोळी, भात, साखर असलं पिष्टमय आणि गोड. मैत्रिणीने एक चार्ट पाठवला, त्यात बदामाच्या पिठाची रोटी, ॲव्होकॅडो, ब्रोकोली असलं काय काय होतं. चार दिवस कसंबसं केलं, डोकं दुखलं, चिडचिड झाली, पाचव्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या दोन वाट्या चिवडा खाल्ला आणि सगळं सोडलं. घरात सासूबाई, मिस्टर, दहावीतला मुलगा, सगळ्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. मिस्टरांना डायबिटीस आहे, सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी असते, ते म्हणतात मीपण तुझ्याबरोबर पोळी-भात बंद करतो. सोमवार-गुरुवार आमच्यात अंडं-मटण चालत नाही, एकादशी असते. सासूबाई विचारतात पोळी नाही तर जेवणार काय, आणि खरं सांगायचं तर मलापण तोच प्रश्न पडलाय. पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं नीट सांगाल का?"

ताई, नमस्कार.

आधी मिस्टरांचं बोलते, ते सगळ्यात तातडीचं आहे. गोळीचं नाव लिहिलंत ते फार बरं केलंत. मेटफॉर्मिन एकटं असतं तर शुगर एकदम खाली जायची भीती फारशी नसते, पण ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. म्हणजे सकाळी गोळी घेतली आणि दुपारी तीन पोळ्या आणि भाताच्या जागी नुसती भाजी खाल्ली तर चार-पाच वाजता शुगर ७० च्या खाली येऊ शकते, मग घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, बोलणं अडखळतं, आणि त्या वेळी माणूस गाडीवर असला तर काय होईल ते मी सांगायला नको. तेव्हा त्यांनी आजपासून काहीही बंद करायचं नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, "मी पोळी-भात निम्म्यावर आणणार आहे, गोळीचा डोस बदलावा लागेल का" असं स्पष्ट विचारायचं, घरात शुगरचं मीटर घ्यायचं. आणि गोळी मनाने बंदही करायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. शुगर अशी कधी खाली गेलीच तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी परत चेक करायचं, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइड चालू आहे त्यांनाही हेच लागू. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी असेल तर धोका वेगळाच, कार्ब्ज फार कमी केले की रक्तात कीटोन वाढून ॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्त धोकादायक इतकं आम्ल होतं, आणि मीटरवर शुगर जवळपास ठीकच दिसते, त्यामुळे लक्षातच येत नाही. गरोदर बायका, बाळाला अंगावर पाजणाऱ्या, किडनीचा त्रास असलेले, टाईप वन डायबिटीसवाले, यांनी तर हे वाचून काहीच सुरू करू नये.

आता तुमचं. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी, ती ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या आधीची पायरी, तुम्ही ६.२ वर आहात, इथून मागे फिरता येतं आणि बऱ्याच जणी फिरतात. हिमोग्लोबिन पण बघून घ्या हां, लोह कमी असलं तर एचबीएवनसी थोडी जास्त दाखवते.

तुमचे ते चार दिवस मी नीट वाचले. तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही पोळी काढली, भात काढला आणि त्या जागी ठेवलं काय, तर उकडलेली ब्रोकोली. आपल्या ताटात निम्म्याहून जास्त पोट पोळी-भाताने भरतं, देशभराचं बघितलं तरी आपल्याकडच्या एकूण कॅलरीतला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा कार्ब्जचाच येतो, तो वाटा एका दिवसात उचलला आणि जागा रिकामी सोडली तर संध्याकाळी पाचला चिवड्याचा डबा उघडला जाणारच. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आधी पोळीच्या जागी काय येणार ते स्वयंपाकघरात तयार ठेवा, मग पोळी कमी करा. उलट क्रमाने केलं की आपल्या घरांमध्ये हे टिकत नाही, मी वर्षानुवर्षं बघतेय.

आणि कीटो करू नका. कीटोत दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली कार्ब्ज ठेवतात, कधी २० ग्रॅम, सहा-सात माणसांचा नाही तरी चार माणसांचा स्वयंपाक करून, नोकरी सांभाळून, सोमवार-गुरुवार शाकाहारी राहून ते जमवणं म्हणजे रोजची लढाई. लो कार्ब म्हणताना साधारण १३० ग्रॅमच्या खाली धरतात. तुम्ही तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ११०-१२० वर आलात तरी खूप झालं.

आत्ता तुम्ही कुठे असाल ते बघू. तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे २५-३० ग्रॅम तिथेच. सोबत चार बिस्किटं, १५ ग्रॅम. एक प्लेट पोहे, ४५ च्या आसपास. ३० ग्रॅम पिठाची पोळी म्हणजे जवळपास २० ग्रॅम, तशा तीन म्हणजे ६०. एक वाटी भात ४० ग्रॅम, दोन वेळचा ८०. रात्री ज्वारीची दीड भाकरी, ती थापायला ६०-७० ग्रॅम पीठ एका भाकरीला जातं, तेव्हा तिथे ६०-६५. ३०० च्या घरात गेलातच, त्यात दूध-डाळ-फळं धरलेली पण नाहीत. आणि प्रोटीन मोजलं तर जेमतेम, कारण आपलं वरण पातळ असतं आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

इथेच भाकरीबद्दल सांगते, कारण पोळी सोडून भाकरी धरली की झालं लो कार्ब असं समजणाऱ्या खूप भेटतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, १०० ग्रॅम पिठात सगळ्यांचे कार्ब्ज ६० ते ७० च्या मध्येच आहेत. भाकरी चांगलीच, फायबर आहे, पोटाला बरी पडते, पण मापात. गूळ आणि मध पण साखरेच्याच हिशोबात धरा. "शुगर फ्री" बिस्किटात मैदा नाहीतर दुसरं पीठ असतंच, "डाएट चिवडा" पण बहुतेक वेळा पोह्यांचाच असतो.

तर पहिला आठवडा. या आठवड्यात दुपारचं आणि रात्रीचं जेवण जसं आहे तसंच ठेवा, एक पोळीसुद्धा कमी करू नका. फक्त चहा, चहाबरोबरचं आणि नाश्ता बदलायचा. चहातली साखर दोन चमच्यांवरून एक, चार दिवसांनी अर्धा, मग बंद, एकदम बंद केलीत तर दिवसभर चहाच डोक्यात राहील. बिस्किटं-खारी-टोस्ट बंद, त्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, फुटाण्यात कार्ब्ज असतात म्हणून मूठच. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची बरणी आत्ताच ठेवून द्या. नाश्त्याला पोहे-उपमा-शिऱ्याच्या जागी दोन अंड्यांचं ऑम्लेट, भरपूर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून, पावाशिवाय. सोमवार-गुरुवारी पनीरची भुर्जी, ८० ग्रॅम पनीर हाताने कुस्करून, जिरं-हिरवी मिरची-हळद, पाच मिनिटांत होते. अर्धा लिटर फुल फॅट दुधाचं घरचं पनीर साधारण तेवढंच निघतं, विकतचं महाग वाटत असेल तर आदल्या रात्री लिंबू पिळून फाडून ठेवा. नाहीतर मुगाचं एक धिरडं, मूग रात्री भिजवून आलं-मिरची घालून वाटायचे, रवा किंवा तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी घालायचं नाही, तव्यावर पसरलं की वरून किसलेलं पनीर किंवा कोबी दाबून बसवायचा आणि झाकण ठेवायचं, म्हणजे ते उलटताना तुटत नाही. अशा धिरड्यात १८-२० ग्रॅम कार्ब्ज येतात, चालेल, पोह्यांच्या निम्म्यापेक्षा कमी आहेत आणि अकरा वाजता भूक लागत नाही.

दुसरा आठवडा दुपारच्या डब्याचा. आता तीन पोळ्यांच्या जागी एक, फार तर दोन छोटे फुलके, आणि दुपारचा भात बंद. पण त्याआधी, रविवारी संध्याकाळीच, दोन गोष्टी करून ठेवा. एक, मटकी किंवा मूग भिजवून मोड आणायला बांधून ठेवायचे. दोन, शेंगदाण्याचं कूट आणि जवसाची किंवा तिळाची चटणी करून ठेवायची. डब्यात रोज एक प्रोटीनची गोष्ट, दोन वाट्या भाजी, एक कच्चं काहीतरी आणि ताक किंवा दही. भाजी खरंच दोन वाट्या, तुम्ही आत्ता नेता ती अर्धी वाटी असणार, म्हणून घरात भाजी आणताना अर्धा किलोच्या जागी एक किलो आणा.

कुठल्या भाज्या विचाराल तर आपल्याकडच्या जवळपास सगळ्या चालतात, मेथी, शेपू, चुका, चवळई, अंबाडी, कोबी, फ्लॉवर, भेंडी, गवार, घेवडा, दोडका, दुधी, पडवळ, वांगी, कारलं, ढोबळी मिरची, मुळा. बटाटा, रताळं, साबुदाणा, मक्याचं कणीस हे सध्या बाजूला. ब्रोकोली आणि ॲव्होकॅडोवर पैसे घालायची काहीच गरज नाही, आपल्या भरल्या वांग्यात दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं असतं, म्हणजे चांगलं फॅट आणि थोडं प्रोटीन आलंच, फक्त त्यात गूळ घालत असाल तर तो वगळा. मेथीची पीठ पेरून भाजी, तीत दोन चमचे बेसन पडतं, हरकत नाही. पिठलंसुद्धा चालतं, माणशी ३० ग्रॅम बेसनाचं म्हणजे १५-१७ ग्रॅम कार्ब्ज आणि ६-७ ग्रॅम प्रोटीन, फक्त पिठल्याबरोबर सवयीने दोन भाकऱ्या जातात तिथे लक्ष ठेवायचं, पिठलं वाटीत घेऊन सोबत कांदा-मुळा-काकडी घ्या आणि चतकोर भाकरी.

डब्याचं उदाहरण द्यायचं तर सोमवारी मेथी पीठ पेरून, मटकीची उसळ वाटीभर, एक पोळी, ताक. मंगळवारी भरली वांगी, दोन उकडलेली अंडी, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, एक पोळी. बुधवारी कोबीची भाजी आणि आदल्या रात्रीच्या चिकनचे पीस. गुरुवारी पनीर-ढोबळी मिरची, सोबत घट्ट वरण वाटीत घेऊन चमच्याने प्यायचं. शुक्रवारी सोया चंक्सचा रस्सा. सोया चंक्स गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून घट्ट पिळायचे, परत साध्या पाण्यात टाकून परत पिळायचे, तो जो वास येतो ना तो या दुसऱ्या पिळण्यात जातो, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाका, मुलगा पण खाईल. ३० ग्रॅम कोरड्या चंक्समधून १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, शाकाहारी दिवसांना याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. दिवसाचं एकूण प्रोटीन ६०-७० ग्रॅमच्या आसपास जायला हवं, एका अंड्यात ६ ग्रॅम, पनीर १०० ग्रॅममध्ये १८, वाटीभर घट्ट वरणात ७ असा अंदाज डोक्यात ठेवा, रोज वजनकाटा घेऊन बसू नका.

तिसऱ्या आठवड्यात रात्र. रात्रीचा भात बंद आणि भाकरी अर्धी. हे सगळ्यात अवघड जातं कारण सगळे एकत्र जेवायला बसतात आणि कुकरची शिट्टी झाल्यावर भाताचा वास येतोच. त्यासाठी एक करा, जेवायला बसायच्या आधी वाटीभर गरम काहीतरी प्या, टोमॅटोचं सार साखर न घालता, पालकाचं सूप, नाहीतर चिकनचा पांढरा रस्सा, भुकेचा पहिला जोर तिथे ओसरतो. मग ताटात आधी भाजी आणि प्रोटीन वाढून घ्यायचं, ते निम्मं खाल्लं की भाकरीला हात लावायचा, हा क्रम पाळला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. रविवारी मटण असेल तर मनसोक्त खा, रस्सा वाटीत घ्या, भाकरी अर्धीच. मासे मिळाले तर बांगडा नुसता हळद-तिखट-मीठ-आगळ लावून तव्यावर, रवा-तांदळाच्या पिठात घोळवायचा नाही. जेवण झालं की १५ मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत चाला, हे डाएटइतकंच कामाचं आहे.

तूप-चीज-लोणी कितीही खाल्लं तरी चालतं असं काही जण सांगतात, ते तुम्ही मनावर घेऊ नका. रोजच्या स्वयंपाकाचं तेल तेवढंच, वर एखादा चमचा तूप, बास. काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात वाढतं, म्हणून लिपिड प्रोफाइल ही कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा करा, एचबीएवनसी पण तेव्हाच, त्याआधी करून उपयोग नाही कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते.

डोकेदुखीचं कारण बहुतेक मिठात होतं. कार्ब्ज एकदम कमी केले की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं ते निघून जातं, आणि इन्सुलिन खाली आल्यावर किडनी मीठही जास्त बाहेर टाकते. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलो झर्रकन उतरतं, ते बहुतांशी पाणी असतं, त्याने हुरळून जाऊ नका आणि नंतर आठवड्याला अर्धा किलोवर आलं की निराशही होऊ नका. तुमचं बीपी नॉर्मल आहे तेव्हा दुपारी मोठा पेला ताक, चिमूटभर जास्त मीठ आणि जिरेपूड घालून प्या, बहुतेक डोकं दुखणार नाही. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र हे मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, रात्री चमचाभर इसबगोल भरपूर पाण्यातून.

एकादशीचं अवघड आहे हे मान्य. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, एक प्लेट खिचडीत ६० ग्रॅमपर्यंत कार्ब्ज आरामात जातात, अख्ख्या दिवसाच्या निम्मे. त्याऐवजी दाण्याची आमटी करा आणि त्यात दोन-तीन चमचे भगर, दह्यातली काकडी कूट घालून, तुपात जिरं-मिरचीवर परतलेलं पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, एखादा पेरू. तुमच्या घरी उपासाला काय चालतं काय नाही ते तुम्हाला माहीत, त्यातलंच निवडा. आणि आषाढीला प्रसाद म्हणून दोन घास खिचडी खाल्ली तर काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीचा डबा न्यायचा. ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकचंही तेच, एक घास घ्या, जेवण भरपेट झालेलं असेल तर दुसऱ्यासाठी हात जात नाही. भर उन्हाळ्यात आंबा येईल तेव्हा अर्धा आंबा जेवणानंतर, त्या वेळची पोळी सोडून. आमरस नको, वाटीत किती गेला कळत नाही.

घरात वेगळा स्वयंपाक करायचा नाही. भाजी, उसळ, वरण, कोशिंबीर सगळ्यांना तेच, फक्त प्रमाण वाढवायचं, पोळी-भात ज्याचा त्याचा. मुलगा दहावीत आहे, वाढीचं वय आहे, त्याच्या पोळ्या मोजू नका. सासूबाईंना "डाएट" म्हणून सांगायला जाऊ नका, ताट भरून घेऊन त्यांच्याबरोबर बसा, त्यांना दिसेल सून उपाशी नाही. आणि त्यांच्या ताटातलं काहीच कमी करू नका, त्या वयात विनाकारण वजन उतरणं चांगलं नसतं, त्यांचा मऊ भात त्यांना असू दे, वरण मात्र आता घरात घट्टच करा आणि त्यांनाही एक वाटी जास्त वाढा.